नाडी पाहणारें यंत्र आणि यंत्राची नाडी पाहणारा

परांडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठीं आणि तेथील माकडांसाठीं साऱ्या धाराशिव जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. चैत्रांत तेथें जत्रा भरते आणि देवाचा रथ निघतो. रथ म्हटला कीं आंस, चाकें, खुंट्या आणि दोर हीं आलींच. आणि तीं पाहणारा सुतारहि आला. जुन्या गांवगाड्यांत हा सुतार जत्रेपुरता बोलावलेला पाहुणा नव्हता. नांगराचा हाळीस मोडला, मोटेचें चाक करकरूं लागलें किंवा गाडीची धांव सुटली, तर कुणब्यानें सुताराच्या अगर लोहाराच्या दारीं जावें आणि सुगीच्या वेळीं त्या कारागिरानें खळ्यावर येऊन आपलें बलुतें न्यावें, असा तो व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' ह्या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें बारकाईनें वर्णन केलें आहे. ह्या व्यवस्थेंत एक गोष्ट मोठी मार्मिक होती. सुताराला मोबदला कामागणिक मिळत नसे. वर्षभर औत चालूं राहावें म्हणून मिळे. औत वारंवार मोडलें तर त्याचे श्रम वाढत, मिळकत वाढत नसे. ह्या पद्धतींत जातीचा जाच होता, कसब बापाकडून मुलाकडेच जाई आणि कित्येकांच्या वांट्याला धान्यापेक्षां अपमानच अधिक येई, हें विसरून चालणार नाहीं. तथापि अवजार आणि तें दुरुस्त करणारा हात हीं दोन्हीं एकाच गांवांत नांदत होतीं, हेंहि तितकेंच खरें.

आज सोनारीच्या परिसरांत साखर कारखाना आहे. उसाचा हंगाम संपला कीं कारखान्यांत रोलर, पंप, बेअरिंगें खोलून पाहिलीं जातात आणि सर्व ठाकठीक झाल्यावर पुढच्या हंगामाचें बॉयलर अग्निप्रदीपन होतें. कारखान्याला अशी उसंत मिळते. इस्पितळाला बिनहंगाम नसतो. अतिदक्षता विभागांतील मॉनिटर पोळ्याला थांबत नाहीं आणि दिवाळीलाहि थांबत नाहीं. रोग्याच्या हृदयावर अहोरात्र पहारा करणाऱ्या ह्या यंत्रांवर पहारा करणारा कोण, तो कोठें शिकला आणि त्याला शिकविण्याची गरज जगाला केव्हां उमगली, हा इतिहास डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या इतिहासामागें झांकलेला राहिला आहे.

हीं यंत्रें करतात काय, तें आधीं थोडक्यांत पाहिलें पाहिजे. टेलिमेट्री म्हणजे दूरमापन. रोग्याच्या छातीवर तीन किंवा पांच चिकट इलेक्ट्रोड लावतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कातडीवर सुमारें एक मिलिव्होल्ट इतका विजेचा दाब उमटतो. टॉर्चमधील एका सेलाच्या मानानें हा दीड हजारावा हिस्सा झाला. रोग्याच्या गळ्यांत किंवा कमरेला अडकविलेली लहानशी डबी हा इवलासा संदेश रेडिओच्या लहरींवर चढवून परिचारिकेच्या टेबलावरील पडद्याकडे धाडते. रोगी उठून चार पावलें चालला, तरी त्याचें हृदय नजरेखालीं राहतें. ठोका बिघडला कीं घंटा वाजते. ह्या सांखळींतील एखादी कडी निकामी झाली तर मात्र घंटा वाजतच नाहीं, किंवा उगाचच वाजत राहते. आणि उगाच वाजणाऱ्या घंटेचा धोका कमी नसतो, कारण थोड्याच दिवसांत तिच्याकडे कोणी लक्ष देईनासें होतें.

ह्या विद्येचा उगम हॉलंडांतील लायडन शहरीं झाला. तेथील प्राध्यापक विलेम आइंथोव्हेन यांनीं १९०१ च्या सुमारास एक विलक्षण उपकरण सिद्ध केलें. प्रबळ विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें चांदीचा मुलामा दिलेला, केसाहूनहि बारीक असा क्वार्ट्‌झचा तंतु ताणलेला असे. हृदयांतील वीज त्यांतून गेली कीं तो थरथरे आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या पट्टीवर उमटे. यंत्राचें वजन सुमारें २७० किलो. तें चालविण्यास पांच माणसें लागत. चुंबक तापे म्हणून त्याभोंवतीं पाणी खेळवावें लागे. रोग्यानें दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचें. असलें धूड पलंगापाशीं नेणें अशक्य आणि अत्यवस्थ रोग्याला धुडापाशीं आणणें धोक्याचें. तेव्हां १९०५ सालीं आइंथोव्हेन यांनीं रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर अंतरावरून टेलिफोनच्या तारेनें हृदयलेख मागविला आणि त्याला 'टेलिकार्डिओग्राम' असें नांव दिलें. यंत्र हलत नाहीं, रोगी हलवतां येत नाहीं, म्हणून संदेशच हलवावयाचा, ही कल्पना तेथून पुढें आली.

१९२४ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक आइंथोव्हेन यांना मिळालें. ह्या प्रसंगाची एक हकीकत त्यांच्या आठवणी लिहिणारे सांगतात. प्रयोगशाळेंत व्हान द वूर्ड नांवाचा एक कसबी मदतनीस होता. गॅल्व्हनोमीटर घडविण्यांत त्याचे हात वर्षानुवर्षें राबले होते. पारितोषिकाच्या रकमेंत त्याचाहि वांटा असला पाहिजे असें मनांत आणून आइंथोव्हेन यांनीं त्याचा शोध घेतला. तो पूर्वींच वारला होता. त्याच्या दोन बहिणी धर्मादाय घरांत कसेबसे दिवस काढीत होत्या. आइंथोव्हेन यांनीं त्यांना गांठून अर्धी रक्कम त्यांच्या स्वाधीन केली. यंत्राच्या कारागिराला वैद्यकाच्या इतिहासांत एवढा मोठा मान क्वचितच मिळाला असेल. आणि तो मिळाला तेव्हां तो घ्यावयास माणूसच उरला नव्हता.

पुढें निर्वात नळ्या आल्या, हृदयलेखाचीं यंत्रें आटोपशीर झालीं. अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत नॉर्मन हॉल्टर यांनीं १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तारेचेंहि बंधन तोडलें. पाठीवर रेडिओयंत्र बांधून चालत्या-फिरत्या माणसाचा हृदयलेख त्यांनीं बिनतारी धाडला. हें ओझें सुमारें ३८ किलोंचें होतें. निरोग्यालाच जें जड व्हावें, तें हृदयरोग्याच्या पाठीवर कोण देणार? परंतु १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि कांहीं वर्षांतच तीं सारीं ओझीं खिशांत मावूं लागलीं.

यंत्र हलकें झालें म्हणूनच तें इस्पितळांत शिरलें असें मात्र नाहीं. त्याला दुसरें कारण घडलें. १९५६ सालीं डॉ. पॉल झोल यांनीं छातीवरून विजेचा धक्का देऊन बेताल झालेलें हृदय ताळ्यावर आणतां येतें हें दाखविलें. १९६० सालीं बाल्टिमोर येथें विल्यम कौवेनहोव्हन आणि त्यांचे सहकारी यांनीं छाती न उघडतां, ती बाहेरूनच दाबून रक्ताभिसरण राखण्याची रीत प्रसिद्ध केली. (हे कौवेनहोव्हन डॉक्टर नव्हते, विद्युत् इंजिनिअर होते, ही गोष्ट येथें मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे.) हृदय थांबल्यावर माणूस परत आणतां येतो, परंतु चारपांच मिनिटांच्या आंत, हें एकदां कळल्यावर हृदय केव्हां थांबलें तें तत्काळ समजणें हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला. १९६२ सालीं कॅन्सस सिटी येथील बेथनी हॉस्पिटलांत डॉ. ह्यूज डे यांनीं हृदयरोग्यांसाठीं सतत देखरेखीचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि असे विभाग पुढें सर्वत्र निघाले. आपल्याकडेहि मुंबईंतील मोठ्या रुग्णालयांत त्याच दशकाच्या अखेरीस अतिदक्षतेचीं दालनें सुरू झालीं. ब्रीच कँडी रुग्णालयांतील डॉ. फारुख उदवाडिया यांचें नांव ह्या कामाशीं निगडित आहे.

यंत्रें वाढलीं, पण दुरुस्तीचें शिक्षण मागेंच राहिलें. तें पुढें ढकललें गेलें तें एका वादानें. १९७१ सालीं अमेरिकेंतील ग्राहकांचे कैवारी राल्फ नेडर यांनीं असा दावा केला कीं, विजेच्या उपकरणांतील दोषांमुळें त्या देशाच्या इस्पितळांत दरवर्षीं निदान १,२०० रोगी धक्का बसून मरतात. आंकडा वादग्रस्त ठरला. त्याला भक्कम पुरावा कधींच मिळाला नाहीं. परंतु त्यामागील शास्त्र खोटें नव्हतें. एरवीं कातडी माणसाचें रक्षण करते. पण हृदयापर्यंत नळी किंवा तार गेलेली असली, तर बोटाला जाणवणारहि नाहीं इतका सूक्ष्म गळका प्रवाह हृदय बेताल करूं शकतो. इस्पितळें घाबरलीं. प्रत्येक उपकरणाचें अर्थिंग आणि गळका प्रवाह मोजणारीं माणसें हवीं झालीं, त्यांच्यासाठीं महाविद्यालयांत अभ्यासक्रम निघाले, परीक्षा आणि प्रमाणपत्रें आलीं. एका संशयित आंकड्यानें इतकें खरें काम घडवून आणावें, ह्याचें नवल वाटतें.

रेडिओशीं ज्यांचें सख्य आहे त्यांना दुसरी एक घटना अधिक मनोरंजक वाटेल. अमेरिकेंतील टेलिमेट्रीच्या डब्या दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांवर बोलत असत. जागा मोकळी, भाडें नाहीं. फेब्रुवारी १९९८ मध्यें डॅलस येथील एका केंद्रानें नव्या अंकीय प्रक्षेपणाची चांचणी अशाच एका मोकळ्या वाहिनीवर सुरू केली आणि तेथील बेलर विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील अनेक हृदय-मॉनिटर एकाएकीं बहिरे झाले. यंत्रांत बिघाड नव्हता. डब्या बोलतच होत्या. शेजारच्या आरडाओरडींत त्यांचा आवाज बुडाला होता. कारण समजल्यावर केंद्रानें चांचणी थांबविली, आणि २००० सालीं त्या देशाच्या सरकारनें वैद्यकीय टेलिमेट्रीसाठीं स्वतंत्र लहरींचे पट्टे राखून दिले. त्या दिवसापासून इस्पितळाच्या तंत्रज्ञाला केवळ सोल्डरिंगची काडी पुरेनाशी झाली. हवेंत काय चाललें आहे तेंहि त्याला ऐकावें लागूं लागलें. जेथें माकडांचे कळप छपराछपरांवरून उड्या घेतात, त्या सोनारीसारख्या गांवीं छपरावरची तार किती दिवस सरळ राहील, हाहि त्याच जातीचा प्रश्न आहे. तो मात्र कोणत्याहि परदेशी पुस्तकांत सांपडत नाहीं.

आपल्या देशांत ह्या कारागिराची वंशावळ रेडिओ मेकॅनिकापासून धरावी लागते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, हिंदुस्थान सरकारनें युद्धोपयोगी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना आंखली आणि हजारों तरुण फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वायरलेस मेकॅनिक होऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्याच आश्रयानें देशभर आय.टी.आय. वाढलीं. कालांतरानें त्यांत 'मेकॅनिक मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स' हा दोन वर्षांचा व्यवसाय आला, पुढें त्याचें नांव 'टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स' झालें. महाराष्ट्रांतील कांहीं तंत्रनिकेतनांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविकाहि मिळूं लागली. मराठवाडा ह्या प्रवाहांत उशिरा शिरला. १९४८ पर्यंत परांड्याचा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता आणि अगदीं शेजारची बार्शी ब्रिटिश मुलखांत. भाषा एक, बाजार एक, पण सरहद्द आडवी. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तोंवर मुंबईंत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटला सत्तरावर वर्षें होऊन गेलीं होतीं. ती संस्था १८८७ सालची.

असा तंत्रज्ञ शिकतो काय? त्याच्या विद्येचा मोठा भाग अगदीं साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच उपेक्षित आहे. हृदयलेखाची रेघ जाडजूड, दांतेरी होऊन आली तर शिकाऊ उमेदवार प्रथम हृदयाला दोष देत नाहीं. सेकंदाला पन्नास आवर्तनें करणारी घरची वीज तारेंत शिरली आहे काय, अर्थिंग तुटलें आहे काय, हें पाहतो. रेघ मधूनच सपाट होते, तेव्हां तो लीडची वायर कनेक्टरपाशीं वांकवून बघतो, कारण वरचें रबर शाबूत असून आंतला तांब्याचा धागा तेथेंच तुटलेला असतो. इलेक्ट्रोडवरील जेल वाळलें कीं संदेश क्षीण होतो. मराठवाड्यांतील उन्हाळ्यांत उघडें राहिलेलें पाकीट वाळावयास वेळ लागत नाहीं. बॅटरी भरल्याची खूण दाखवून अर्ध्या तासांत मान टाकते. वायूचीं छिद्रें धुळीनें बुजून यंत्र तापतें. घंटेच्या मर्यादा कोणी तरी कटकट नको म्हणून रुंद करून ठेवलेल्या असतात. शिकविण्यासाठीं एक मोठें युक्तीचें साधन आहे: सिम्युलेटर, म्हणजे कृत्रिम हृदय-संदेश देणारी पेटी. तिची कळ फिरवली कीं ठोके मिनिटाला साठ होतात, एकशेंवीस होतात, बेताल होतात, थांबतात. मॉनिटरनें प्रत्येक वेळीं बरोबर घंटा वाजविली पाहिजे. दुरुस्त झालेलें यंत्र ह्या कसोटीला न लावतां खाटेपाशीं नेणें म्हणजे वजनमाप न तपासतां तराजू दुकानांत मांडण्यासारखें आहे.

ह्यांतलें किती ज्ञान किती थोड्या शिक्षणांत देतां येतें, ह्याचा कोणी हिशेब केला आहे काय? केला आहे. ड्यूक विद्यापीठांतील रॉबर्ट मॅल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यानें गरीब देशांतील रुग्णालयांतून आलेल्या २,८४९ दुरुस्तीच्या मागण्या तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या उपकरणांपैकीं ६६ टक्के उपकरणें परदेशी सुटे भाग न मागवितां, केवळ १०७ प्राथमिक कौशल्यांच्या बळावर पुन्हां चालूं करतां येतात, असें त्यांना आढळलें. फ्यूज, प्लग, वायर, नळ्या, साफसफाई आणि वापरणाऱ्यास नीट समजावून सांगणें, अशा गोष्टी त्यांत येतात. सोनारीपासून फार दूर नसलेल्या जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० पासून जें केलें, तें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. अक्षरशत्रु म्हणून बाजूला सारलेल्या खेडुत स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका बनविलें आणि १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांवच्या माणसाला वैद्यकाचें प्राथमिक ज्ञान देतां येतें, तर यंत्राचें कां देतां येऊं नये? अर्थात् ह्या उत्साहाला एक मर्यादा घातली पाहिजे. धक्का देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या पोटांत हजारों व्होल्टांचा सांठा असतो आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं वेळ टिकूं शकतो. १०७ कौशल्यें शिकलेल्यानें एकशेंआठव्याला केव्हां हात लावूं नये, हें शिकविणें सर्वांत कठीण असतें.

हें शिक्षण नसलें तर काय होतें, तें महाराष्ट्रानें २०२१ ह्या एकाच वर्षांत दोनदां पाहिलें. ९ जानेवारीला पहाटेच्या अंधारांत भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या दक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालकें दगावलीं. बालकांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विद्युत्-भागांत ठिणगी पडली, असें चौकशीनंतर शासनानें जाहीर केलें. ऊब देण्यासाठीं ठेवलेलें यंत्र! अधिक लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीं उन्हाळ्यांत मराठवाड्यांत घडली. करोनाच्या लाटेंत औरंगाबादच्या (आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. त्यांतील ११३ वापरावयास काढले, तेव्हां ते सदोष आढळले, ३७ तर खोक्यांतून बाहेरच निघाले नव्हते, असें महाविद्यालयाच्या अहवालावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें आलें. केंद्राच्या वतीनें उत्तर आलें तें असें कीं, यंत्रें ठीक आहेत, वापरणारांना नीट शिक्षण नाहीं. न्यायालयाला हा दोषारोपांचा खेळ मुळींच रुचला नाहीं, आणि तें योग्यच झालें. दोष यंत्राचा कीं हाताचा, ह्याचा निवाडा न्यायमूर्तींना करावा लागावा, ह्यांतच सर्व आलें. कारण तो निवाडा एरवीं कसोटीची पेटी हातांत असलेला जागेवरचा तंत्रज्ञ घटकाभरांत करतो.

शासनाला ह्या उणिवेची जाणीव नव्हती असें म्हणतां येत नाहीं. २०१५ सालींच केंद्राच्या आरोग्य खात्यानें वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला होता. त्यासाठीं प्रथम मोजदाद झाली. २९,११५ आरोग्यसंस्थांत ७,५६,७५० उपकरणें नोंदलीं गेलीं. त्यांची किंमत सुमारें ४,५६४ कोटि रुपये. आणि निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकीं १३ ते ३४ टक्के उपकरणें बंद पडलेलीं. तेव्हां राज्यांनीं देखभालीचें काम वार्षिक मोबदल्यावर कंत्राटदारांकडे सोंपवावें, तक्रार आली कीं त्यांचा तंत्रज्ञ जावा आणि उपकरण चालूं राहिल्याच्या काळावर मोबदला अवलंबून राहावा, असें ठरलें. म्हणजे बलुत्याचेंच तत्त्व शंभर वर्षांनीं फिरून आलें. फरक इतकाच कीं, आतां सुतार गांवांत राहत नाहीं.

ह्या कार्यक्रमांत चालूं राहण्याचें प्रमाणहि ठरविलें आहे. जिल्हा रुग्णालयांतील उपकरणें ९५ टक्के काळ चालूं असावीं, ग्रामीण पायरीवरील सामुदायिक आरोग्य केंद्रांतील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के. साधी त्रैराशिकाची रीत लावली, तर जिल्ह्याच्या ठिकाणीं वर्षांतून अठरा दिवस यंत्र बंद राहिलें तरी चालतें. खेड्यांतील केंद्रांत ७३ दिवस. जेथून मोठें रुग्णालय सर्वांत दूर, तेथें बंद राहण्याची मुभा सर्वांत अधिक. आणि ते ७३ दिवस जत्रेच्या गर्दींतले असावेत कीं पावसाळ्यांत रस्ता तुटलेल्या आठवड्यांतले, हें टक्केवारींत लिहिलेलें नसतें.